मुकादमाचं दार

मंगळवार, ४ मार्च

डॉक्टरांनी वही लिहायला सांगितली आहे. रक्तदाब वाढलाय, त्यावर गोळी दिलीच, वर हा उपाय: राग आला की बोलायच्या आधी लिहून काढा. मी विचारलं, लिहून झाल्यावर बोललं तर चालेल का? ते हसले नाहीत. घरी सासूबाई मात्र हसल्या. म्हणाल्या, मग दुकानातून डझनभर वह्या एकदमच आण.

आजचा राग मुकादमावर. पुढे मागे ही वही वाचताना मलाच आठवणार नाही म्हणून लिहून ठेवते. आमची प्रयोगशाळा बऱ्याच दवाखान्यांचे रक्ताचे-लघवीचे नमुने तपासते आणि अहवाल संगणकावर देते. प्रत्येक दवाखान्याचा स्वतंत्र कप्पा आमच्या तळमजल्यावरच्या थंड खोलीत आहे. हा आमचा खासगी क्लाउड. दुसऱ्याचं आभाळ भाड्याने घेण्यापेक्षा आपलं लहानसं आभाळ आपल्या छपराखाली बरं, हे साहेबांना मीच पटवलं होतं. आपली खोली, आपलं कुलूप, किल्ली आपल्या कमरेला. या सगळ्या कप्प्यांवर हुकूम चालवणारा एक प्रोग्राम आहे, त्याला आम्ही मुकादम म्हणतो.

तर मुकादम बनवणाऱ्या कंपनीने आज कळवलं की त्याच्या दारात खोट आहे. ठरावीक पद्धतीने साद घातली की तो पासवर्ड न विचारताच आत घेतो. म्हणजे ‘साहेबांनी बोलावलंय’ म्हटलं की कोणालाही सोडणाऱ्या वॉचमनसारखं. आणि एकदा मुकादमापाशी पोचलं की सगळ्या दवाखान्यांचे कप्पे उघडे. बाहेरच्या रस्त्यावरून तिथे पोचता येत नाही, हे नशीब. पण कुठल्याही दवाखान्यातल्या संगणकावरून येतं.

कंपनीने दुरुस्तीही पाठवली आहे. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे लावणार म्हणतात, पण आमच्या आभाळाला ठिगळ घरपोच येतं. ते लावायला मुकादम थोडा वेळ बंद ठेवावा लागतो, आणि त्यात काही बिघडलं तर सगळे दवाखाने अडतात. साहेब म्हणाले, रविवारी.

बुधवार, ५ मार्च

आजही लिहिण्याजोगा राग आला, आणि तो नेहमीच्या माणसाचा. आमच्या खोलीत मी आणि सावकाश, दोघंच. सावकाश हे त्यांचं नाव नव्हे, पण कुठलंही काम सांगा, ‘सावकाश करू’ म्हणतात, म्हणून सगळ्या इमारतीने तेच ठेवलंय. माझ्याहून वयाने मोठे, निवृत्तीला फार वेळ नाही. एकेक आज्ञा टाइप करतात, मग पडद्यावर बोट ठेवून ओठातल्या ओठात वाचतात, मगच एन्टर दाबतात. तेवढ्यात माझा चहा पिऊन कप धुऊन होतो.

आज त्यांनी विचारलं, रविवारपर्यंत थांबणं बरं का? मी म्हटलं, घाई करायला सांगताय, तेही तुम्ही?  खरं तर त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण साहेबांशी कोण वाद घालणार.

रविवार, ९ मार्च

ठिगळ लागलं. सकाळी इमारत रिकामी, दवाखाने बंद, छान शांतता. दुरुस्तीच्या आधी मुकादमाचा फोटो काढून ठेवला. फोटो म्हणजे त्या क्षणी तो जसा आहे तशी हुबेहूब नक्कल; काही बिघडलंच तर तिथे परत जाता येतं. काही बिघडलं नाही. कंपनीने दिलेली चाचणी घेतली, त्या विशिष्ट पद्धतीने साद घालून पाहिली. मुकादमाने दार उघडलं नाही. शहाणा झाला.

सावकाश म्हणाले, ठिगळानंतरचाही एक फोटो काढून ठेवू. मी म्हटलं, लग्न लागलं, मंडळी जेवून घरी गेली, आता कुणाचे फोटो काढताय? उद्या बघू. मला घरी जायचं होतं. नवऱ्याने शर्टाला इस्त्री करता करता गरम इस्त्री खिडकीच्या पडद्याला टेकवली आणि मुठीएवढं भोक पाडलं. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू त्यातून आमचा टीव्ही बघतात. नवा पडदा आणायचा होता.

भिंतीवरच्या फळ्यावर मी हिरव्या खडूने लिहिलं, ‘मुकादम: दुरुस्त’, आणि खाली सही केली.

गुरुवार, १३ मार्च

विशेष काही नाही. एक नवा दवाखाना जोडला. पडदा निळा आणलाय, सासूबाईंना आवडला नाही. म्हणाल्या, घर आहे का बँक? साहेब पाहुण्यांना थंड खोली दाखवायला आले होते, फळ्याकडे बोट करून म्हणाले, आमच्याकडे दुरुस्ती वेळच्या वेळी होते. मी उगाच वायर सरळ करत उभी राहिले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सोमवार, १७ मार्च

आज भर दुपारी सगळे फोन एकदम वाजले. दवाखान्यांना अहवाल दिसेनात.

झालं असं की सावकाश मुकादमातली जुनी, नोकरी सोडून गेलेल्यांची खाती काढत होते. हे काम मीच दिलेलं. त्यात त्यांनी एक भलताच गट पुसला, ज्यावर सगळ्या दवाखान्यांचे रस्ते अवलंबून होते. बोट ठेवून, ओठात वाचून, खात्री करून पुसला. सावकाश चुकणारा माणूस चुकतो तेव्हा सावकाशच चुकतो, पण पक्का चुकतो. ते ‘आता काय करायचं’ एवढंच म्हणत होते.

मी त्यांना खुर्चीतून उठवलं. म्हटलं, बाजूला व्हा. मुकादमाचा फोटो होताच. त्यावर परत गेले. चहा निवायच्या आत सगळं जागेवर आलं, फोन थांबले. गुरुवारी जोडलेला नवा दवाखाना तेवढा गायब झाला होता, तो हाताने पुन्हा जोडला. माझ्या मागे उभं राहून सावकाश विचारत होते, ‘हा फोटो कुठल्या दिवशीचा?’

मी म्हटलं, ‘चालतंय ना? मग झालं तर.’

साहेब खाली येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, बाई नसत्या तर आज आपलं दुकान बंद होतं. सावकाश तिथेच उभे होते. मला जरा वाईट वाटलं, पण जरासंच.

मंगळवार, २५ मार्च

एका दवाखान्याच्या डॉक्टरांचा फोन. त्यांच्या रुग्णांना अनोळखी माणसं फोन करून औषधं विकतायत. ज्याला जो आजार त्याला त्याच आजाराचं औषध. ते म्हणाले, मी कोणाला सांगितलं नाही, मग कळलं कसं? दुपारपर्यंत आणखी तीन दवाखान्यांतून तेच.

 मुकादमाची नोंद काढली. त्याच्याकडून एक-एक कप्पा उघडून अहवाल उचलले गेलेत, गेल्या आठवड्यापासून. एका दवाखान्याच्या स्वागतकक्षातल्या संगणकावरून कोणीतरी हे केलंय. पण कोण म्हणून आत आला, तिथे नावाच्या जागी काहीच नाही. कोरं.

आधी फळ्याकडे बघितलं. हिरवी सही. म्हणजे ती खोट नव्हे, ती तर बुजवली. मग पासवर्ड फुटला असणार. दोघांनी मिळून सगळे पासवर्ड बदलले. त्या स्वागतकक्षातल्या संगणकाची जोडणी तोडली. सावकाश जेवले नाहीत.

बुधवार, २६ मार्च

आज एक मुलगी आली. मुलगी म्हणजे पंचवीस-सव्वीसची असेल. खाली बाकावर बसून होती, कोणाशी बोलायचं ते तिला कळेना, म्हणून तिला माझ्याकडे पाठवलं. तिच्या एका तपासणीचा निकाल तिने घरी सांगितला नव्हता. सांगणार होती, पण तिच्या वेळेने. काल फोन आला तेव्हा ती आंघोळीला गेली होती. फोन आईने उचलला.

कुठली तपासणी ते मी इथेही लिहिणार नाही.

ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच विचारलं, ‘तुमच्याकडे कुलूप लावत नाहीत का?’

मी म्हटलं, लावतो. तिने मान हलवली आणि गेली. तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवायचंही मला सुचलं नाही. घरी आल्यावर सासूबाईंवर विनाकारण ओरडले, वही न लिहिता.

गुरुवार, २७ मार्च

बैठक झाली. साहेब, चार दवाखान्यांचे डॉक्टर, मी आणि सावकाश. बाहेरचा तपासनीस बोलावलाय, पण तो पुढच्या आठवड्यात येणार, आणि डॉक्टरांना उत्तर आजच हवं होतं. नाहीतर ते सगळे आमचं काम सोडणार. साहेबांनी मला विचारलं, दार उघडं राहिलं कसं?

मी म्हटलं, ‘खोट होती, ती आम्ही नऊ तारखेलाच बुजवली. त्यानंतर मुकादमाच्या खात्यांना एकाच माणसाचा हात लागलाय.’

सावकाशांचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. नावाची जागा कोरी का, तेही समजावून सांगितलं: जुनं खातं अर्धवट पुसलं गेलं असेल, नाव गेलं आणि खातं राहिलं. डॉक्टरांना पटलं. बोलता बोलता मलाही पटलं.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ते म्हणाले, ‘असेल. माझ्याकडूनच झालं असेल.’

साहेबांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. सोमवारी कायमचं ठरणार. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला चोराला दार उघडून देणारा म्हणून घरी पाठवायचं. पण मी तरी काय करणार? जे दिसलं ते सांगितलं.

शुक्रवार, २८ मार्च

खोली मोठी वाटते. त्यांच्या खुर्चीवरची उशी ते न्यायला विसरले. आज मी एका आज्ञेत मोठी चूक करणार होते, एन्टर दाबायच्या आत दिसली. बोट ठेवून वाचलं म्हणून दिसली. स्वतःचाच राग आला.

मन खातंय. ते ‘असेल’ म्हणाले, ‘केलं’ म्हणाले नाहीत. पण मग दुसरं काय असेल, तेही सुचत नाही. दिवसभर एकच गोष्ट उलटसुलट करून बघतेय आणि दर वेळी फळ्यावरच्या माझ्याच सहीपाशी येऊन थांबतेय.

रविवार, ३० मार्च

क्रमाने लिहिते.

दुपारी भाजी घेऊन घरी आले तर दिवाणखान्याच्या खिडकीला तोच जुना पडदा, तेच मुठीएवढं भोक, आणि पलीकडे काकू. आधीच डोकं फिरलेलं. मी म्हटलं, नवा पडदा आणला तो काय ट्रंकेत ठेवायला? सासूबाई शांतपणे शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, नव्यावर तुझ्या नवऱ्याने चहा सांडला, तो धुवायला टाकलाय, म्हणून जुना काढला. मी म्हटलं, अहो पण त्याला भोक आहे.

त्या म्हणाल्या, ‘जुना पडदा लावला तर त्याचं भोक कुठे जाईल? बरोबरच येणार ना. त्यात माझं काय चुकलं?’

मी पिशवी खाली ठेवली. भाजी काढलीही नाही, तशीच चप्पल घालून ऑफिसला गेले. नवरा मागून विचारत होता, एवढ्याशा गोष्टीवरून घर सोडून चाललीस का?

थंड खोलीत जाऊन मुकादमाचा आवृत्तीचा आकडा बघितला. जुना. तरी मन मानेना, म्हणून कंपनीची चाचणी पुन्हा घेतली. त्या पद्धतीने साद घातली. मुकादमाने दार उघडलं. नाव विचारलं नाही, आणि नोंदीत नावाच्या जागी काहीच लिहिलं नाही. कोरं.

माझ्याकडे फोटो एकच होता, ठिगळाच्या आधीचा. सतरा तारखेला मी त्याच्यावर परत गेले तेव्हा सावकाशांची चूक पुसली गेली, नवा दवाखाना पुसला गेला, आणि ठिगळही पुसलं गेलं. नवा दवाखाना गेलेला मला दिसला होता. तो मी या हातांनी परत जोडला. आणि तरीही कळलं नाही. फळ्यावरचा हिरवा खडू तेवढा कुठल्याच फोटोने पुसला जात नाही.

ते माझ्या मागे उभं राहून तारीख विचारत होते.

मुकादमाची वायर काढून टाकली. मुकादम झोपला तरी कप्पे आपापलं काम करत राहतात, दवाखान्यांना काही कळणार नाही. फळा पुसला. मग सावकाशांच्या खुर्चीत जाऊन बसले.

सोमवार, ३१ मार्च

साहेबांना सकाळीच सांगितलं. आधी त्यांना कळेना, मग सासूबाईंचा पडदा सांगितला तेव्हा कळलं. त्यांनी दार लावून घेतलं.

मग म्हणाले, ‘बाई, ते नाहीतरी लवकरच जाणार आहेत. तुम्हाला अजून बरीच वर्षं काढायची आहेत. डॉक्टरांना एक कारण मिळालंय, ते शांत झालेत. पुन्हा कशाला ढवळायचं?’

खोटं कशाला लिहू, क्षणभर मी विचार केला. वायर तर काढलेलीच आहे. उद्या ठिगळ लावलं की खोट नाहीशी. तपासनीसाला काय सापडेल न सापडेल. सावकाश स्वतःच तर ‘माझ्याकडून झालं’ म्हणालेत. सगळं जमून येत होतं, आणि मला त्याचीच किळस आली.

मी म्हटलं, ‘साहेब, गुरुवारच्या बैठकीला जे डॉक्टर होते त्यांना आज परत बोलवा. त्या दिवशी मी बोलले, आजही मीच बोलते.’

ते म्हणाले, तुमच्या खुर्चीचं काय होईल याचा विचार केलाय का? मी म्हटलं, केलाय. केला नव्हता. पण आता केला तर माघार घेईन असं वाटलं.

संध्याकाळी डॉक्टरांसमोर सगळं सांगितलं. एकाने विचारलं, म्हणजे तुम्ही निर्दोष माणसाला घालवलंत? मी हो म्हटलं. 

तिथून सावकाशांच्या घरी. त्यांच्या बायकोने दार उघडलं, मला ओळखलं, आणि आत या म्हणाली नाही. तिचं बरोबरच होतं. आतून ते आले तेव्हा ती बाजूला झाली. मी उंबऱ्याबाहेर उभी राहूनच सांगितलं. फोटो, ठिगळ, तारीख, बैठकीत मी काय बोलले, सगळं. माफी मागितली. 

 मला वाटलं, आता बोलतील ते मी ऐकून घ्यायचं. त्यांनी जसं पडद्यावर बोट ठेवून वाचावं तसं सगळं मनात एकदा वाचलं असावं.

मग म्हणाले, ‘नवा दवाखाना गायब झाला, तेव्हाच कळायला हवं होतं आपल्याला.’

आपल्याला म्हणाले. मला रडूच आलं. त्यांची बायको पाणी घेऊन आली.

बुधवार, २ एप्रिल

निर्णय झाला. सावकाश परत. विभाग त्यांच्याकडे, आणि मी त्यांच्या हाताखाली. सासूबाईंना सांगितलं तेव्हा म्हणाल्या, बरं झालं, आता तुझ्यावरही कोणीतरी ओरडेल. मी म्हटलं, ते ओरडत नाहीत. मग तुला जास्त लागेल, म्हणाल्या. ही बाई पडद्यापासून माणसापर्यंत सगळं बरोबर ओळखते आणि वर शेंगा सोलत बसते.

साहेब माझ्याशी कामापुरतं बोलतात.

शुक्रवार, ४ एप्रिल

तपासनीस येऊन मुकादमाची आहे तशी नक्कल घेऊन गेला. त्या स्वागतकक्षातल्या माणसाला पोलिसांनी बोलावलंय. त्याच्या तपासणीसाठी बंद असलेली आमची खोली परत आमच्या ताब्यात आली, आणि आज ठिगळ पुन्हा लावलं.

या वेळी टाइप मी केलं. सावकाश शेजारी, उशी टेकून. प्रत्येक आज्ञा मी बोट ठेवून वाचली, मोठ्याने. ठिगळ लागल्यावर साद घालून बघितली, दार उघडलं नाही. लगेच नवा फोटो काढला. फळ्यावर काही लिहिलं नाही. यापुढे फळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, रोज सकाळी साद घालून बघायची, असं त्यांनी ठरवलंय. आधी मला वेळखाऊ वाटलं. वाटलं ते बोलले नाही, इथे लिहितेय. डॉक्टरांना सांगायला हवं, गोळी लागू पडतेय.

दुपारी दवाखान्यांना फोन केले. त्या मुलीच्या दवाखान्यालाही केला. तिची माफी मागायची आहे, निरोप द्याल का, विचारलं. तिथल्या नर्स म्हणाल्या, ती आता इथे येत नाही. घरही बदललंय म्हणे. कुठे गेली ते सांगितलं नाही, आणि विचारायचा मला हक्क नाही. आमच्या खोलीत प्रत्येक यंत्राचा फोटो आहे, काहीही झालं तरी आदल्या दिवसावर परत जाता येतं. तिला तिच्या आदल्या दिवसावर नेईल असं माझ्याकडे काहीही नाही.

शेवटी जुना फोटो पुसायचा राहिला होता. संगणकाच्या पडद्यावर जुना आणि नवा दोन्ही दिसत होते, एकाखाली एक. मी वरच्यावर बोट ठेवलं.

सावकाश म्हणाले, ‘हा कुठल्या दिवशीचा?’

‘नऊ मार्चचा,’ मी म्हटलं. ‘रविवार सकाळचा. ठिगळाच्या आधीचा.’

‘बघा एकदा नीट.’

मी परत वाचलं. मग त्यांनी मान हलवली आणि मी तो पुसला.